खेकड्यांना किती घालायचं आणि केव्हा

खाजणात किंवा कांदळवनातल्या कुंपणात खेकडे सोडताना आपण बियाणं, जाळी, बांध यांची कसून चौकशी करतो. खाण्याचा विषय निघाला की मात्र "टाकू कायतरी" म्हणून मोकळे होतो. खेकडा काहीही खातो हे खरं, पण त्या 'काहीही'त शेजारचा खेकडाही येतो. तळ्यात रोज नांग्या तुटलेले, अर्धे खाल्लेले खेकडे सापडायला लागले, तर आधी खाण्याचा हिशेब तपासा.

सुरुवात वजनापासून करा. दहा-पंधरा खेकडे काढून नांग्या बांधा, तोला आणि सरासरी काढा. समजा 350 ग्रॅमचे 200 पोकळ, म्हणजे कात टाकल्यावर आत अजून मांस न भरलेले, खेकडे भरायला सोडलेत, म्हणजे एकूण 70 किलो. असे खेकडे भरताना रोज वजनाच्या 5 ते 8 टक्के ओलं खाद्य लागतं. 6 टक्के धरले तर झाले 4 किलो 200 ग्रॅम. वाढीला सोडलेल्या लहान पिलांना वजनाच्या मानाने जास्त लागतं, 8 ते 10 टक्क्यांपर्यंत. जसजसे मोठे होतील तसं हे प्रमाण कमी करत न्यायचं, म्हणून दर पंधरवड्याला पुन्हा तोलणं आलंच.

घालायचं काय? जाळ्यात येणारी बारीक, कमी भावाची ताजी मासळी तुकडे करून, आणि जोडीला फोडलेले शिंपले. खारवलेली मासळी असेल तर आधी गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा. कोंबडीची आतडी स्वस्त मिळतात, पण त्यांची चरबी पाण्यावर तरंगते आणि पाणी खराब करते, तेव्हा साफ करून, थोडीच वापरा. कच्च्या कोळंबीची डोकी मात्र तळ्यात नकोतच. त्यांतून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू येऊ शकतो, आणि बर्फात ठेवल्याने तो मरत नाही.

आता वेळ. खेकडा दिवसा चिखलात दडून बसतो आणि अंधार पडला की खायला निघतो. त्यामुळे आपल्या उदाहरणातले 2 किलो 800 ग्रॅम सूर्यास्तानंतर आणि उरलेले 1 किलो 400 ग्रॅम पहाटे घाला. सगळं सकाळी ओतून घरी जाणाऱ्याचं खाद्य दुपारपर्यंत कुजतं. कुंपण खाडीत असेल तर घड्याळाबरोबर भरतीही बघावी लागते. ओहोटीच्या ओढीत टाकलेलं खाद्य खाडीतले मासे खातात, पैसे तुमचे. सगळं एकाच कोपऱ्यात टाकू नका. तिथे दांडगे बसतात आणि दुबळे उपाशी राहतात. कडेकडेने पसरा.

रोज किती घालायचं हे शेवटी परडीच सांगते. चार-पाच ठिकाणी परड्या बुडवून त्यांत थोडं खाद्य ठेवा आणि दोन-तीन तासांनी उचलून बघा. चाटूनपुसून साफ असतील तर दुसऱ्या दिवशी थोडं वाढवा. बरंच उरलं असेल तर ते काढून टाका आणि माप कमी करा. पण नुसतं माप कमी करून थांबू नका, कारणही शोधा. मोठ्या पावसानंतर पाण्याचा खारटपणा एकदम उतरला किंवा प्राणवायू कमी पडला की खेकडे तोंड लावत नाहीत.

तिसरं कारण कात टाकण्याचं. कवच टाकायच्या आधी खेकडा खाणं सोडतो, आणि टाकल्यावरही तोंडाचे अवयव कडक होईपर्यंत खाऊ शकत नाही. हेच त्याचे सर्वांत धोक्याचे दिवस, कारण मऊ खेकडा म्हणजे इतरांना आयती मेजवानी. कौलं, पाइपाचे तुकडे, फांद्या टाकून त्याला लपायला जागा ठेवा. आणि बाकीच्यांची पोटं भरलेली असू द्या. इथे हात आखडला तर वाचलेल्या मासळीच्या कितीतरी पट किमतीचे खेकडे जातात.

साधारण तीन-चार आठवड्यांत पोकळ खेकडा भरतो. उचलण्याआधी उलटा करून पायांच्या बुडाशी अंगठ्याने दाबा. कवच दबलं तर परत पाण्यात सोडा, अजून आठवडाभर खाऊ द्या.