सोफ्याचं कापड घेताय? आधी चार धागे जाळून बघा

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात सोफ्याचं कापड घ्यायला गेलात की दुकानदार थान उलगडतो आणि तुम्ही त्यावर हात फिरवता. इथंच फसता. हाताला मऊपणा कळतो, धागा कळत नाही. बावीस वर्षं सोफे शिवतोय. गिऱ्हाईक नमुना घेऊन आलं की मी आधी काडेपेटी काढतो.

काठाचे चार धागे ओढा. उभे वेगळे, आडवे वेगळे ठेवा, कारण उभा एकाचा आणि आडवा दुसऱ्याचा असं सर्रास असतं. पंखा बंद करा, खाली पाण्याची ताटली ठेवा, धागा चिमट्यात धरा आणि ज्योत बाजूने हळूच न्या. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. गार झाल्यावर नखाने दाबा, फुटत नाही. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, भडकन पेटतं, कागद जळाल्याचा वास येतो, मणी नाही, चिमूटभर राख. पॉलिप्रॉपिलीनला, म्हणजे एका हलक्या प्लॅस्टिकच्या धाग्याला, मेणबत्ती विझवल्यासारखा वास. शिवाय साबणाच्या पाण्यात पिळून सोडला तरी हा धागा वर येतो, इतका हलका.

व्हिस्कोसचं वेलवेट दिसतं झकास. पण ओलं झालं की ताकद जवळपास निम्मी होते. नंदनवनातल्या एका ताईंकडे मीच ते लावलं, तेही कूलरच्या झोतासमोर! मे महिन्यात शिंतोडे उडाले, त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं आणि लव बसली ती बसलीच. सीट पदरच्या पैशांनी बदलून दिली. तेव्हापासून कूलरसमोर पॉलिस्टरच; ते पाणी पीत नाही. तेल मात्र धरून ठेवतं. तर्री सांडली तर लगेच टिपा, चोळू नका.

पश्चिमेची खिडकी असेल तर नायलॉन नको. घासपूस सोसण्यात त्याच्याइतकं चिवट दुसरं नाही, पण उन्हाने पिवळं पडतं, कमजोर होतं. उन्हासाठी अॅक्रिलिक, थोडे गोळे आले तरी. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्या कव्हरवर इस्त्री ठेवूच नका. रेक्झिन म्हणजे कापडावरचा प्लॅस्टिकचा लेप. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यावर उघड्या पाठीने एकदा बसून बघा.

कापड फाडायला सांगण्याआधी वीतभर तुकडा मागून घ्या. अर्धा जाळायला, अर्धा तर्री सांडून बघायला.