वस्तऱ्याच्या पिनेसाठी बोल्टची ऐरण

आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ शिंगाची आहे आणि तिच्यातील सांध्याची पितळी पिन झिजून पाते डुलू लागले होते. नवी १.६ मिलिमीटरची पिन मी प्रथम व्हाइसच्या (वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या) सपाट पाठीवर ठोकली, तेव्हा पिनेचे खालचे डोके, म्हणजे ठोकून गोल केलेले टोक, चपटे झाले, पिन आतल्या आत वाकली आणि पाते मिटताना मुठीला घासू लागले. ती पिन कापून काढावी लागली. शिंगाला तडा गेला नाही, हे नशीबच म्हणायचे.

खालच्या डोक्याला बसायला खळगा हवा, हे तेव्हा ध्यानात आले. म्हणून मी साध्या पोलादाच्या बोल्टचे डोके कानशीने सपाट केले, त्याच्या मधोमध सायकलच्या बेअरिंगची ३ मिलिमीटरची गोळी ठेवली, गोळीच्या दुसऱ्या बाजूस जुन्या कानशीचा तुकडा दिला आणि व्हाइस सावकाश आवळून उथळ वाटीसारखा ठसा उमटवला. गोळीवर हातोडी मुळीच मारू नये. कडक पोलादाचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. ठशाभोवती उठलेली कड घासून काढली आणि खळगा बारीक पॉलिश पेपरने आरशासारखा चकचकीत केला, कारण त्यातला प्रत्येक ओरखडा मऊ पितळेवर उमटतो.

मग नव्या पिनेचे खालचे डोके या खळग्यात टेकवले, वरच्या बाजूस वॉशरबाहेर (पिनेवर बसवलेल्या बारीक चकतीबाहेर) पिन जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर ठेवली आणि छोट्या गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने, अगदी हलके ठोके देत, दर पाचसहा ठोक्यांनी पाते उघडून-मिटून पाहिले. आता पाते मधोमध मिटते.