‘आर्क्टिक मार्ग खुला’ या बातमीची पारख कशी करावी

उन्हाळा सरत आला की आर्क्टिकचा नवा सागरी मार्ग खुला झाल्याच्या आणि आता सुएझचे दिवस भरल्याच्या बातम्या येऊ लागतात. अशी बातमी हाती आल्यावर प्रथम भिंतीवरचा सपाट नकाशा बाजूला ठेवावा, कारण त्यात ध्रुवाकडचा प्रदेश अवास्तव ताणलेला असतो. त्याऐवजी पृथ्वीगोलावर दोरा धरून अंतर मोजावे. योकोहामा ते रॉटरडॅम हा प्रवास सुएझमार्गे सुमारे ११,००० सागरी मैलांचा आहे आणि रशियाच्या उत्तर किनाऱ्याने तो साडेसात हजारांच्या आसपास येतो. तोच दोरा न्हावा शेव्यापासून धरला, तर उत्तरेचा मार्ग सुएझच्या जवळजवळ दुप्पट भरतो.

त्यानंतर बातमीतला महिना पाहावा. बर्फ सप्टेंबरात सर्वांत कमी आणि मार्चच्या सुमारास सर्वाधिक असतो. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला होता, तरी पुढची प्रत्येक सप्टेंबर त्याहून वाईट ठरली असे झाले नाही, आणि कंटेनरच्या धंद्याला तर तारीख पाळणारे जहाज लागते. २०१८ मध्ये ‘वेंटा मर्स्क’ हे कंटेनर जहाज या मार्गाने गेले खरे, पण नेहमीच्या मार्गाला हा व्यापारी पर्याय नव्हे, असे कंपनीनेच सांगितले होते.

सर्वांत जास्त वेळ मालाच्या आकड्यांवर घालवावा, कारण खरी गफलत तेथेच होते. २०२४ मध्ये रशियाच्या उत्तर सागरी मार्गावरून सुमारे ३ कोटी ७९ लाख टन माल गेला. हा आकडा विक्रमी होता, तरी पुतिन यांनी २०१८ मध्ये त्याच वर्षासाठी ठरवलेल्या ८ कोटींच्या निम्म्यालाही तो पोहोचला नाही. शिवाय त्यातला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला माल जेमतेम ३० लाख टन होता. उरलेल्यात मोठा वाटा यामाल द्वीपकल्पातल्या द्रवरूप वायूचा आणि खनिज तेलाचा होता. म्हणजे ज्याला आपण जवळची वाट समजतो, ती आज मुख्यतः रशियाची स्वतःचा माल बाहेर काढण्याची वाट आहे.

मग परवानगी कोण देतो, हे विचारावे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचे कलम २३४ वर्षातील बहुतांश काळ बर्फाने झाकलेल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात) प्रदूषण रोखण्यासाठी किनारी राष्ट्राला विशेष नियम करू देते, आणि रशिया आपल्या परवाना पद्धतीसाठी त्याचा आधार घेतो. गंमत अशी की, बर्फ जितका वितळेल तितका हा आधारही पातळ होईल. अणुशक्तीवर चालणारी हिमभंजक जहाजे मात्र रोसाटॉम या रशियाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीकडेच आहेत, त्यामुळे कायद्याचा मुद्दा ढिला पडला तरी व्यवहारातली किल्ली मॉस्कोच्या हाती राहते. पलीकडे कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांमधून जाणाऱ्या वायव्य मार्गाला कॅनडा स्वतःचे अंतर्गत जलक्षेत्र म्हणतो, तर अमेरिका सर्वांना ये-जा करता येणारी आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी. १९८५ मध्ये अमेरिकेचे ‘पोलर सी’ हे हिमभंजक जहाज कॅनडाची परवानगी न मागता तेथून गेले. त्यानंतर १९८८ च्या करारात अमेरिकेने आपल्या हिमभंजकांसाठी संमती घेण्याचे मान्य केले, पण मूळ दावा दोघांनीही सोडला नाही.

बातमीत चीन असेल, तर तो आर्क्टिक राष्ट्र नसून २०१८ च्या श्वेतपत्रिकेत त्याने स्वतःला ‘आर्क्टिकनजीकचे राष्ट्र’ म्हणवून घेतले आहे, हे ध्यानात ठेवावे. भारत असेल, तर भाड्याच्या बचतीपेक्षा विज्ञानाकडे पाहावे: २०१३ पासून तो आर्क्टिक परिषद या आर्क्टिक राष्ट्रांच्या मंचावर निरीक्षक आहे, आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे ‘हिमाद्री’ केंद्र गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालवले जाते.