बाइक कुईकुई करते? तेल मारण्याआधी या चुका टाळा

गेला पावसाळा संपला आणि माझ्या १०० सीसी गाडीला मागून आवाज सुरू झाला. एकटा असलो की काही नाही. बायको मागे बसली आणि चिपळूण-गुहागर रस्त्यावर खड्डा आला की ‘कुईं’. आधी चेन धुऊन तेल घातलं. मग शॉकअपवर स्प्रे मारला. गॅरेजमध्ये दाखवली तर शॉकअप गेलेत म्हणाले, म्हणून जोडी बदलून घेतली. आवाज होता तसाच.

शेवटी एका रात्री, सगळीकडे सामसूम झाल्यावर, गाडी पडवीत सरळ उभी धरली. बायको सीटवर जोर देऊन गाडी खालीवर करत होती आणि मी एकेका भागावर बोटं टेकवत चाललो होतो. अशा वेळी कानावर विसंबू नका. आवाज चेसिसच्या पाइपातून फिरतो आणि भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. जिथे खरंच घासतं तिथे बोटांना बारीक थरथर लागते. मला ती सीटच्या मागच्या टोकाखाली लागली. बोल्ट काढून सीट उलटी केली, तर खालच्या रबरी बटणांपैकी एक गायब होतं. त्या जागी सीटचं प्लॅस्टिक पाइपवर घासून रुपयाएवढा रंग उडाला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दुमडून सोल्युशनने चिकटवली. त्यानंतर आवाज आलेला नाही.

माझी चूक हीच, की जागा सापडण्याआधी उपाय सुरू केले. सगळीकडे स्प्रे मारला की आवाज दोन दिवस दबतो, पण कशाने दबला ते कळत नाही. वर त्या ओल्या जागी धूळ बसते ती वेगळीच.

आधी आवाज कधी येतो ते बघा

उभ्या गाडीला दाबून आवाज आला, तर सीट, शॉकअपचे बुश (टोकांच्या रबरी कड्या), चिमटा (मागचं चाक धरणारा फाटा), पुढचा फोर्क किंवा स्टँड यांपैकी काहीतरी आहे. पुढचा ब्रेक धरून हँडल दाबा, मग मागची बाजू दाबा. अर्धं काम तिथेच होतं. सीटचा संशय असेल तर सीट काढून मागचा कॅरिअर धरून दाबा. आवाज गेला तर सीटच. दाबून काहीच आलं नाही, तर मोकळ्या उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये हळू सोडून बघा. तेव्हाही आला तर तो चाक, ब्रेक, चेन किंवा स्पीडोमीटरच्या केबलचा. इंजिन चालू असतानाच येत असेल तर शोध वेगळ्या दिशेने घ्यायचा.

चाकाचा आवाज मोजून पकडता येतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने फिरवा. टायरवर खडूने खूण करा. दर फेरीला एकदा आवाज येत असेल तर तो चाकाचा किंवा ब्रेकचा. आता चेनचं गणित बघा. मागच्या स्पॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राला, ४२-४४ दात आणि चेनला शंभराच्या आसपास कड्या असतील, तर चाकाच्या साधारण सव्वादोन ते अडीच फेऱ्यांनी चेनची एक फेरी होते. आवाज त्या हिशोबाने येत असेल, तर चेनची एखादी कडी आखडली आहे. ती स्पॉकेटवरून सुटताना सरळ होत नाही, वाकलेलीच राहते; नीट पाहिलं की डोळ्यांना दिसते.

चेनच्या बाबतीत

चालू इंजिनवर, गिअर टाकून, फडक्याने चेन पुसू नका. फडकं स्पॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्यासोबत बोट. चाक हातानेच फिरवा.

चेन स्वच्छ न करता त्यावर तेल ओतू नका. आपल्या तांबड्या मातीचा चिखल तेलात मिसळला की तो पॉलिश पेपरसारखा चेन खातो. आधी डिझेल किंवा रॉकेल आणि ब्रश, मग कोरडं पुसणं, मग तेल. तेही चेनच्या आतल्या बाजूला, गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना. ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोल लावू नका आणि तारेचा ब्रश वापरू नका.

आवाज येतो म्हणून चेन ताणून घेणं ही तर नेहमीची चूक. जास्त ताणलेली चेन उलट जास्त आवाज करते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांना मधोमध साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात घट्ट असेल तिथे मोजा.

ब्रेकला तेल कधीच नाही

हे मी हात जोडून सांगतो. ब्रेक किंचाळतो म्हणून डिस्कवर किंवा लायनरवर (ड्रम ब्रेकमधल्या घासणाऱ्या पट्टीवर) स्प्रे मारणारे लोक मी पाहिले आहेत. आवाज थांबतो, कारण ब्रेक लागणंच थांबतं. पॅड (डिस्कला दाबणारे ठोकळे) किंवा लायनर काचेसारखे चकचकीत झाले असतील तर पॉलिश पेपरने हलके घासा, आणि डिस्कची तबकडी ब्रेक क्लीनरने पुसा. ड्रममधली पूड तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. तेल लागलेले पॅड पुसून वापरू नका, बदला. आणि पॅड झिजून पत्रा डिस्कला लागला असेल तर तो आवाज म्हणजे इशारा आहे. त्या दिवशी गाडी घाटात नेऊ नका.

रबराला मशीनचं तेल किंवा डिझेल लावलं तर ते फुगतं आणि सैल होतं. शॉकअपच्या रबरी बुशला सिलिकॉन स्प्रे चालतो; बुश चिरला असेल तर नवीनच घाला.

स्टँड आणि ब्रेक पेडलच्या पिनांचं उलट आहे. तिथे स्प्रे पुरत नाही, ग्रीसच हवं. पावसाळ्यानंतर माझ्या साइड स्टँडचा बोल्ट काढला तेव्हा आत ग्रीसच्या जागी तांबडी भुकटी होती, गंजाची आणि मातीची मिळून. पुसून, घासून, ग्रीस भरून बोल्ट परत बसवला, पंधरा मिनिटांचं काम. वॉशिंगवाल्याला जोराचा फवारा या सांध्यांवर आणि चाकाच्या बेअरिंगवर थेट मारू देऊ नका. ग्रीस तिथूनच वाहून जातं.

चिमट्याचा आवाज मात्र घरी दाबून टाकू नका. मेन स्टँडवर मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ जाणवला तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलं आहे. वळणावर गाडीचं मागचं अंग डोलतं ते यामुळे. हे गॅरेजचं काम.

पुढच्या चाकाजवळून वेगासोबत वाढणारी चिमणीसारखी चिवचिव येत असेल आणि स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल, तर आधी केबल बघा. चाकाजवळचं टोक सोडवून, केबल चाकाला लागणार नाही अशी बांधून, गल्लीत एक फेरी मारा. चिवचिव थांबली तर आतली तार बाहेर काढा, पुसा, पातळ ग्रीस लावून परत घाला.