पांढऱ्या फडक्यावरची गोचीड

पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला पुढे काय करणार असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. एकतर सरकारी दवाखाना, नाहीतर शहरात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस. परोपजीवीशास्त्र घेणार म्हणणारा वर्गात एखादाच निघतो. आमच्या वर्गात ती मी होते. माणसांना आणि जनावरांना मिळून होणाऱ्या आजारांवर काम करायचंय, पण सुरुवात कुठून करू, असं हल्ली बरीच मुलं-मुली विचारतात. त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगत आले ते इथे सलग लिहिते.

आधी प्रवेशाचं. पशुवैद्यकीय पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची, आणि प्रवेश नीटमधून. पुढे दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. प्राणीशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांनाही दारं उघडी आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, पुणे विद्यापीठाची एम.एस्सी. व्हायरॉलॉजी होते. पुद्दुचेरीच्या व्हीसीआरसीत, म्हणजे रोगवाहक कीटकांवरच्या संशोधन केंद्रात, आरोग्याशी निगडित कीटकशास्त्राची एम.एस्सी. आहे. पदवी कोणती याची फार काळजी करू नका. काळजी गाइडची करा. प्रवेश घेण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकच विचारा: नमुने तुम्ही स्वतः गोळा केलेत, की फ्रीजरमधले मिळाले? माझ्या मते या क्षेत्रात माणूस घडतो तो नमुना घेताना.

मी घडले ती सिंधुदुर्गात. एम.व्ही.एस्सी.नंतर गोचिडांच्या एका प्रकल्पावर लागले होते. विषय माकडतापाचा, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापानं फणफणली. माकडं मरताहेत म्हटल्यावर पीतज्वर भारतात शिरला की काय, ही पहिली धास्ती होती. पुण्याहून गेलेल्या पथकाला सापडला तो मात्र गोचिडांतून पसरणारा नवाच विषाणू. पुढे कित्येक दशकं हा आजार कर्नाटकातलाच मानला गेला. मग 2015च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीत आणि 2016मध्ये आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडे त्यानं डोकं वर काढलं.

गोचीड गोळा करायची पद्धत बघायला अगदी साधी. मीटरभर पांढरं, जाडसर सुती फडकं काठीला बांधायचं आणि पातेऱ्यावरून, म्हणजे रानातल्या सुक्या पाल्यावरून, हळूहळू ओढायचं. सकाळचं दव वाळल्याशिवाय सुरुवात करायची नाही, कारण ओल्या फडक्याला गोचीड नीट चिकटत नाही. दहा-बारा पावलांवर थांबून फडकं उलटं करून बघायचं. पहिल्या दिवशी मला काहीच दिसलं नाही. सोबतच्या अनुभवी काकांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. खसखशीच्या दाण्याएवढा तो ठिपका बघता बघता चालू लागला. आठ पाय मोजले. एवढीशी आणि आठ पायांची म्हणजे निम्फ, गोचिडीची मोठी होण्याआधीची अवस्था; सहा पाय असते तर त्याही आधीची, लार्व्हा. माणसाला माकडताप देण्यात या निम्फचाच हात मोठा, आणि ती रानात सर्वांत जास्त कधी असते, तर ऐन काजूच्या हंगामात. त्याच दिवसांत बाया शेत भाजायला, गोठ्यात अंथरायला पातेरा गोळा करत असतात. गोचिडीचं वेळापत्रक आणि माणसाच्या पोटापाण्याचं वेळापत्रक असं एकमेकांवर बसलेलं दिसलं, तेव्हा वर्षभर पाठ केलेलं जीवनचक्र मला पहिल्यांदा कळलं.

गुरांचंही तसंच. गुरांना माकडताप होत नाही, म्हणून सुरुवातीला गोठ्यांकडे माझं दुर्लक्ष झालं. पण मोठी झालेली गोचीड रक्त पिते ती रानात चरणाऱ्या गुराचं, आणि मग खाली पडून हजारोंनी अंडी घालते. म्हणजे विषाणू गुरात नसला तरी गोचिडींचं पोषण तिथे होतं. माणसाचा ताप समजून घ्यायचा तर गोठ्यात जावंच लागतं. नवीन येणाऱ्याला मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं. तुम्ही डॉक्टर असाल तर रुग्णाला त्याच्या जनावरांबद्दल विचारा. पशुवैद्य असाल तर गाय गाभडली म्हणून बोलावणाऱ्या मालकाला विचारा, घरात कुणाला महिनाभर रेंगाळणारा ताप आहे का? ब्रुसेलोसिसचा, म्हणजे गाभडणाऱ्या गुरांकडून माणसाला होणाऱ्या आजाराचा, धागा असाच हाती लागतो.

आता माझ्या हातून झालेली चूक. पहिल्या महिन्याचे गोचिडांचे नमुने ओळख पटवण्यासाठी 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आणि बाटल्यांवर बॉलपेननं गाव, तारीख, जागा लिहिली. गाडीत दोन बाटल्या पाझरल्या. प्रयोगशाळेत पेटी उघडली तर अठरा चिठ्ठ्यांवर नुसते निळे डाग. गोचिडी शाबूत होत्या, पण कुठल्या वाडीतल्या ते सांगता येईना, म्हणजे त्या असून नसल्यासारख्याच. महिन्याची पायपीट गेली. त्या रात्री मी रडले. तेव्हापासून शिसपेन्सिलीनं लिहिलेला जाड कागदाचा तुकडा बाटलीच्या आत टाकते आणि तोच मजकूर वहीत उतरवते. अल्कोहोलनं पेन्सिल पुसली जात नाही. विषाणू तपासायचा असेल तर मात्र अल्कोहोल चालत नाही, गोचिडी थंडीत जपून न्याव्या लागतात. कुठली तपासणी करायची हे ठरल्याशिवाय नमुना घ्यायलाच निघू नका. संख्याशास्त्राच्या माणसाला भेटायचं तेही त्याआधी. नमुने आल्यावर तो फार काही करू शकत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली नजर बसायला सहा महिने तरी लागतात. हायलोमा या गोचिडीचे पाय पट्ट्यापट्ट्यांचे आणि तोंडाचे भाग लांब, ऱ्हिपिसेफॅलस या दुसरीचे तोंडाचे भाग आखूड. शेणाच्या नमुन्यात लिव्हर फ्लूक या यकृतातल्या कृमीचं अंडं पिवळसर तपकिरी दिसतं, अ‍ॅम्फिस्टोम या पोटातल्या कृमीचं जवळपास रंगहीन. पुस्तकातल्या चित्रावरून हे येत नाही, रोज वीस-पंचवीस स्लाइड बघूनच येतं. पीसीआर आठवड्यात शिकाल, ही नजर मात्र सावकाश येते. म्हणून घाई करू नका.

स्वतःला जपणं हाही कामाचाच भाग. रेबीजची लस कामाला लागण्यापूर्वी घ्या. हातमोज्यांशिवाय व्यालेल्या जनावराची वार काढू नका, कोणी कितीही घाई केली तरी. गुराच्या अंगावरची गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नका. 2011मध्ये गुजरातेत क्रायमियन-काँगो ताप निघाला तोही गोचिडीतूनच पसरणारा आजार, आणि त्यात रुग्णांवर उपचार करणारेही दगावले. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, मग काखा, जांघा, कानामागे आरशात बघा.

गावातल्या माणसांना मात्र आधी ऐकून घ्या. एका काजूच्या बागेत एक काकी माझं फडकं बघत उभी होती. मी माहिती द्यायला तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "माकड मेला की त्या वाटेन आमी जाणव नाय." मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि ती जागा धोक्याची होते, हे मी वाचून आले होते. तिनं ते गावातली दोन आजारपणं बघून ताडलं होतं. मी वही काढली आणि माकडं कुठे-कुठे मेली ते तिला विचारलं. तिनं पाणंदीपलीकडच्या तीन जागा दाखवल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन ठिकाणी आमच्या फडक्यावर आठवड्याभरात मिळाल्या नव्हत्या इतक्या निम्फ आल्या.