एमपीडीएच्या आदेशाला आव्हान देताना या चुका टाळा

मुलाला एमपीडीएखाली (हातभट्टीवाले, 'धोकादायक व्यक्ती' वगैरेंना खटल्याशिवाय तुरुंगात ठेवायचा महाराष्ट्राचा कायदा) उचलून येरवड्याच्या तुरुंगात नेलं की घरचे पहिली धाव सेशन कोर्टात घेतात, जामिनासाठी. त्यात मोलाचे दिवस जातात. १९८१ च्या या कायद्याखालची स्थानबद्धता म्हणजे गुन्ह्यातली अटक नव्हे, पुढे काही करू नये म्हणून आधीच डांबून ठेवणं; तिला जामीन नसतो. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा पोलीस आयुक्तांचा तो आदेश रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

तिथे 'आमचा पोरगा तसा नाही हो' हे सांगून उपयोग होत नाही, कितीही खरं असलं तरी. आदेश काढणाऱ्याने कायद्याची वाट सोडली का, एवढंच कोर्ट बघतं. आणि ते दिसतं तुरुंगात हाती दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात. नेमका तोच गठ्ठा बराकीत राहतो आणि वकिलाकडे येतो दोन पानी आदेश!

गठ्ठा पानन् पान चाळा. आदेशाची कारणं स्थानबद्ध केल्यापासून ५ दिवसांत मुलाला मिळाली का? पोचेची सही करताना तारीख त्याने स्वतःच्या हाताने घातली का? आधीच्या गुन्ह्यातला जामिनाचा आदेश जोडलाय का? साक्षीदार 'अ' आणि 'ब' (नावं गुप्त ठेवलेले) यांच्या इन कॅमेरा, म्हणजे गोपनीय, जबाबांखाली वरिष्ठ अधिकाऱ्याने पडताळणी केल्याचा शेरा असतो. तुमच्या प्रतीत तो आहे का, की झेरॉक्सची झेरॉक्स होताना पुसून गेलाय? अशा एका पानावर आदेश रद्द झालेले आहेत. मुलाला मराठी वाचता येत नसेल तर 'तोंडी समजावून सांगितलं' हे पुरत नाही, भाषांतर द्यावंच लागतं. मात्र मराठी शाळेत शिकलेल्याने हा मुद्दा घेऊ नये. शाळेचा दाखला समोर येतो आणि बाकीच्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

मग तारखा एका कागदावर उतरवा: शेवटचा गुन्हा, पोलिसांचा प्रस्ताव, आदेश. मधे महिनोन् महिने गेले असतील आणि खुलासा नसेल, तर सुशांत बनिक प्रकरणातला २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामी येतो. गुन्हे कोणते, तेही बघा. हातभट्टीच्या केसेस म्हणजे आपोआप सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका होत नाही, हे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच अर्जुन गायकवाड प्रकरणात सांगितलंय.

अभिवेदन, म्हणजे आदेशाविरुद्धचं लेखी म्हणणं, फक्त मंत्रालयात पाठवणं हीही नेहमीची चूक. शासनाची मंजुरी १२ दिवसांत यावी लागते. ती येईपर्यंत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही अभिवेदन करता येतं आणि हा हक्क त्याने कळवायलाच हवा. तुरुंग अधीक्षकांमार्फत द्या, आवक क्रमांक घ्या. निर्णयाला विनाकारण उशीर झाला तर तो स्वतंत्र मुद्दा ठरतो.

स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील चालत नाही, पण वकील नसलेल्या मित्राची मदत मागता येते. ती लेखी मागा. आणि मंडळाच्या अहवालासाठी याचिका अडवून ठेवू नका. त्याला सात आठवडे लागू शकतात, स्थानबद्धता असते जास्तीत जास्त १२ महिन्यांची, आणि याचिका कोर्टात सुनावणीला यायलाही वेळ लागतोच.