एक ऊओसिस्ट उचलण्याआधी

क्रिप्टोस्पोरिडियम हा पाण्यातून पसरणारा, जुलाब लावणारा परजीवी. त्याचा ऊओसिस्ट, म्हणजे कवचातली सुप्त अवस्था, ४ ते ६ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या तांबड्या रक्तपेशीहूनही लहान. जिआर्डिया या तशाच दुसऱ्या परजीवीचा सिस्ट, म्हणजे त्याची कवचातली अवस्था, त्यामानाने ऐसपैस, लांबीला ८ ते १२ मायक्रॉन. पाण्याच्या नमुन्यातून यातला नेमका एक रोबोच्या सुईने उचलून नळीत ठेवायचा, तर रोबो सुरू करण्याआधीच निम्मा दिवस जातो. तो कशात घालवायचा, हे पहिल्यांदा यंत्रावर बसणाऱ्यासाठी लिहून ठेवतोय.

आधी रोबो खरंच हवा आहे का ते ठरवा. दर नळीत शंभरेक हवे असतील तर फ्लो सायटोमीटर, म्हणजे वाहत्या द्रवातले कण चमकेवरून मोजून वेगळे करणारं यंत्र, बरा. एकच हवा असेल तर पातळ करून पिपेटने टाकायचा मोह होतो, पण सरासरी एक येईल इतकं पातळ केलं तरी सुमारे ३७ टक्के नळ्या रिकाम्या राहतात, ३७ टक्क्यांत एक पडतो आणि उरलेल्या २६ टक्क्यांत दोन किंवा जास्त. मिश्र नमुन्यात कोणता जनुकीय प्रकार कोणत्या ऊओसिस्टचा हे शोधायचं असेल, तर त्या २६ टक्क्यांनी सगळा घोळ होतो. तिथे रोबोला पर्याय नाही.

नमुना गाळून, चुंबकी मण्यांनी वेगळा करून, हिरवं चमकणारं प्रतिपिंड लावून तयार असेलच. मण्यांपासून सोडवायला आम्ल वापरलं असेल तर ते उदासीन केलंय ना, हे वहीत बघा, आठवणीवर जाऊ नका. मग एकदा हलक्या हाताने धुवा. उरलेली माती आणि सुटे मणी सुईच्या तोंडात बूच बसवतात. सूक्ष्मदर्शकाच्या ४०पट भिंगाखाली एका दृश्यात दोन-तीनपेक्षा जास्त हिरवे ठिपके दिसले तर आणखी पातळ करा, नाहीतर एकाच्या मागे दुसरा आत येतो. जिवंत हवे असतील तर नमुना ४ अंशांवर ठेवा, फ्रीजरमध्ये नको.

आता सुई. सगळा खेळ इथेच आहे, म्हणून इथे वेळ घालवा. ऊओसिस्टसाठी आतला व्यास १० मायक्रॉनच्या आसपास, जिआर्डियासाठी १५ ते २०. ओढलेली काचनळी नुसती मोडून वापरू नका. टोक तापत्या तारेजवळ नेऊन किंचित गुळगुळीत करा, नाहीतर दातेरी कडेला सिस्ट अडकतो. एकासारख्या एक निदान सहा सुया करून ठेवा, दोन तर हमखास मोडतात. मग आतून-बाहेरून प्रथिनाचा, म्हणजे बीएसएचा, पातळ लेप द्या आणि डिशच्या तळालाही द्या. स्वच्छ काच आणि सिस्ट यांची मैत्री फार लवकर जुळते.

कोरडी सुई थेंबात कधीच घालू नका. १० मायक्रॉनच्या तोंडात पाणी केशाकर्षणाने जवळपास २९ किलोपास्कल दाबाने आत खेचलं जातं, म्हणजे सुमारे तीन मीटर पाण्याच्या स्तंभाइतकं. तुम्ही बटण दाबायच्या आत शेजारचा कचरा आत गेलेला असतो. म्हणून नळी, जोड आणि सिरिंज आधीच तेलाने भरून घ्या, टोकाशी थोडं स्वच्छ द्रव ओढा आणि बुडबुडा शोधा. बुडबुडा स्प्रिंगसारखा वागतो. बटण फिरवा, काही होत नाही. आणखी फिरवा, काही नाही. आणि मग एकदम सगळं आत. मी एका सकाळी चाळीस मिनिटं पंपाला शिव्या घातल्या. दोष जोडाच्या आत, नजरेला न दिसणाऱ्या जागी लपलेल्या बुडबुड्याचा होता.

थेंब चपटा आणि उथळ ठेवा. ऊओसिस्ट पाण्यात सेकंदाला साधारण अर्धा मायक्रॉन वेगाने खाली बसतो, म्हणजे एक मिलिमीटर उंच थेंबात तळाला यायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ द्या. दरम्यान थेंब सुकू नये म्हणून कडेने ओला टिपकागद ठेवा आणि झाकण घाला. सुकू लागलेल्या थेंबातले कण प्रवाहाबरोबर कडेला पळतात आणि कोणता ऊओसिस्ट कुठे आहे याचा तुमचा नकाशा जागच्या जागी जुना होतो. वातानुकूलनाचा झोतही बंद करा. फ्लोरोसंट दिव्याचं शटर गरजेपुरतंच उघडा, हिरवा रंग बघता बघता फिका पडतो.

रोबोची तयारी त्यामानाने सोपी. टोकाची जागा कॅमेऱ्याच्या चौकटीत ओळखून द्या, तळाची उंची शोधा आणि प्रत्येक ठिकाणी एकाच दिशेने येण्याची सवय लावा. स्टेजच्या स्क्रूतला ढिलेपणा त्याशिवाय लपत नाही. ६.५ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यात ४०च्या भिंगाखाली ऊओसिस्ट जेमतेम तीस पिक्सेल भरतो. त्यामुळे प्रोग्रॅमला आकार आणि चमक दोन्हींची मर्यादा सांगा. प्रोग्रॅमने सुचवावं, पण होकार माणसाने द्यावा. काही शैवालं आणि परागकणही चमकतात. शंका आली तर डीएनएला चिकटणाऱ्या डीएपीआयच्या निळ्या रंगात आत चार केंद्रकं दिसतात का बघा.

मग रंगीत तालीम. ६ मायक्रॉनचे चमकणारे पॉलिस्टायरीनचे मणी घ्या. त्यांची घनता ऊओसिस्टच्या अगदी जवळची असल्याने ते तसेच बसतात. वीस उचला, वीस सोडा, आणि सोडलेल्या जागी मोजा. सोडताना थेट पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवून तपासण्याच्या) नळीत सोडू नका, आत काय पडलं ते दिसत नाही. आधी स्वच्छ सूक्ष्म थेंबात सोडा, तिथे फोटो घ्या, मग अख्खा थेंब नळीत. सुई वर घेतल्यावर बाहेरच्या भिंतीला काही चिकटलंय का तेही बघा. माझा एक 'उचललेला' मणी अर्धा दिवस बाहेरूनच प्रवास करत होता.

मास्क लावा आणि प्लेटवर वाकून बोलू नका. ऊओसिस्टमध्ये चार स्पोरोझॉइट, म्हणजे परजीवीच्या संसर्ग करणाऱ्या पेशी, असतात. चौघांचा मिळून डीएनए सुमारे ४० फेम्टोग्रॅम, आणि बोलताना उडालेल्या तुमच्या एका पेशीत त्याच्या दीडशेपट.

हात साबणाने धुवा, अल्कोहोलच्या जेलवर विसंबू नका. टेबल ब्लीचने पुसून निश्चिंत होऊ नका. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातल्या क्रिप्टोस्पोरिडियममुळे सुमारे ४,०३,००० लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे, आणि तिथलं पाणी प्रक्रिया करून, क्लोरीन घालूनच सोडलेलं होतं. ऑटोक्लेव्ह होईल ते ऑटोक्लेव्ह करा, मोडक्या सुया काचेच्या कचऱ्याच्या डब्यात.

नळ्यांवर क्रमांक आदल्या संध्याकाळीच घाला, सुई धरलेल्या हाताने अक्षर येत नाही. दर पाच नळ्यांमागे एक नळी तुलनेसाठी त्याच सुईने, त्याच थेंबातलं, पण ऊओसिस्ट नसलेलं पाणी उचलून भरा, आणि ती कोणती हे पीसीआर करणाऱ्याला सांगू नका.